वाचून झाल्यावर गाडीवर ठेवा

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. भाजीवाल्याची असते तसली नव्हे. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातली, पुस्तके वाहणारी गाडी. मला लोखंडी सांगाडा आहे, तीन लाकडी फळ्या आहेत आणि चाके चार होती. आता तीन आहेत. चौथ्याच्या जागी एक वीट लावलेली आहे. फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून विटेला जुने वर्तमानपत्र गुंडाळले आहे. वीट तिथे कशी आली, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. दुकानदार दवाखान्यांसाठी खाटा आणि स्ट्रेचर बनवायचा. पुस्तकांसाठी गाडी हवी म्हटल्यावर त्याने हातातले काम थांबवले आणि विचारले, "पुस्तकं काय आजारी आहेत का?"

समोर उभी होती एक तरुण मुलगी. ती ग्रंथालयात नुकतीच सहायक म्हणून लागली होती. तिथले शिपाई हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत रचून चालत, आणि एखादे घसरले की सगळीच खाली येत. पुस्तक पडले की आधी त्याचा कणा मोडतो. ते पाहून तिने कामावर लागताच पहिली मागणी केली ती माझी. दोन मांडण्यांमधली वाट तिने स्वतः टेपने मोजून आणली होती. दुकानदाराला मी जरा रुंद हवी होते, म्हणजे दिसायला भारदस्त. ती मात्र हटली नाही. याहून रुंद झाली तर ही दारातच उभी राहील, असे तिने त्याला बजावले.

मी मापात झाले. फक्त एक चाक दुकानदाराने शिल्लक पडलेल्या स्ट्रेचरचे लावले. ते इतर तिन्हींपेक्षा किंचित लहान होते. म्हणून मी जन्मभर डावीकडे ओढ घेत राहिले. ज्यांना हे ठाऊक नसे ते मला मांडणीवर आदळत. ती मुलगी उजव्या हाताचा जोर थोडा कमी ठेवून मला सरळ नेई. पुढे तीच ग्रंथपाल झाली. विद्यार्थी, शिपाई, प्राचार्य, सगळे तिला बाई म्हणू लागले. मीही बाईच म्हणते.

आता माझे काम सांगते. आमच्या वाचनकक्षात प्रत्येक टेबलावर एक पाटी होती. "वाचून झाल्यावर पुस्तक गाडीवर ठेवा. स्वतः फळीवर ठेवू नका." नव्या मुलांना याची गंमत वाटायची. वस्तू जागेवर ठेवली नाही म्हणून घरी आई ओरडते, आणि इथे ठेवली म्हणून बाई ओरडतात. पण त्याला कारण होते. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरूनच त्याची जागा ठरते. एका फळीने जरी जागा चुकली, तरी ते पुस्तक घरात असून हरवते. मधमाश्यांवरचे एक पुस्तक असेच कित्येक वर्षे हिशेबशास्त्राच्या पुस्तकांत बसून होते. कोणा विद्यार्थ्याने रंग जुळतो म्हणून ते तिथे ठेवले होते. मधमाश्यांचा शोध घेणारे प्राध्यापक निवृत्त झाले, आणि त्यानंतर ते सापडले.

म्हणून पुस्तके माझ्यावर येत. संध्याकाळी वाचनकक्ष रिकामा झाला की बाई मला खिडकीशी नेत. प्रत्येक पुस्तक हातात घेत, त्याचे शेवटचे पान उघडत आणि तिथे चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर, अगदी कोपऱ्यात, पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत. मग ते पुस्तक जागेवर जाई.

त्या ठिपक्याचा अर्थ असा. जे पुस्तक विद्यार्थी घरी नेतो, त्याची काउंटरवर नोंद होते. जे पुस्तक तो इथेच टेबलावर बसून वाचतो, त्याची कुठेच होत नाही. ते दिवसभर वाचले गेले तरी कागदावर कोणी हातही लावलेला नसतो. माझ्यावर येणारी पुस्तके ही अशी. ठिपका म्हणजे, आज हे कोणीतरी वाचले. कोणत्या पुस्तकाची दुसरी प्रत मागवायची, कोणते आधी बांधणीला द्यायचे, हे बाई त्या ठिपक्यांवरून ठरवत. ही पद्धत त्यांना आधीच्या ग्रंथपालांनी शिकवली होती. तीसुद्धा काही समोर बसवून नाही. मला ढकलता ढकलता, बोलण्याच्या ओघात. नियमांच्या पुस्तकात ती कुठेच नव्हती.

बाई स्वतःही शिकत राहिल्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्याकडे साधे प्रमाणपत्र होते. पदवी त्यांनी नंतर घेतली, आणि तिचा निम्मा अभ्यास माझ्या वरच्या फळीवर झाला. फळीच्या कडेला त्या टाचणाची चिठ्ठी डकवत आणि मला ढकलताना कोणत्या विषयाचा कोणता क्रमांक, ते वर्गांक पुटपुटत. शाळा सुटल्यावर त्यांची मुलगी ग्रंथालयात यायची. ती माझ्या खालच्या फळीवर पाय दुमडून बसायची, आणि कोणी पाहत नसले की बाई तिला एक फेरी मारून आणायच्या. पुढे संगणक आला तेव्हा तीच मुलगी त्यांची मास्तरीण झाली. "आई, माऊस उचलायचा नाही गं, नुसता सरकवायचा," असे ती म्हणायची आणि बाई निमूटपणे ऐकायच्या. काही महिन्यांतच त्या दरवर्षीच्या नव्या मुलांना संगणकावर पुस्तक कसे शोधायचे, लेख कुठून मिळवायचे, तो कितपत खरा मानायचा, हे शिकवू लागल्या. मुलगी नंतर शिकायला दूर गेली. खालची फळी पुन्हा पुस्तकांना मिळाली.

एका गोष्टीत मात्र बाईंचे काही चालले नाही. ग्रंथपालांसाठी तीन आठवड्यांचे एक प्रशिक्षण असते. दुसऱ्या शहरात राहून करायचे. ते झाल्याशिवाय वरची श्रेणी मिळत नाही. बाई दरवर्षी अर्ज करत आणि दरवर्षी काहीतरी निघे. परीक्षा आल्या. तपासणीचे पथक येणार आहे. लिपिक रजेवर आहे. एका वर्षी छत गळत होते. प्राचार्य बदलले, पण वाक्य तेच राहिले, "बाई, तुम्ही गेलात तर ग्रंथालय कोण बघणार?" हे कौतुक समजायचे की नकार, ते बाईंना ठरवता येत नसे. मला तर अजूनही येत नाही.

आमच्याकडे एक शिपाई होते. सगळे त्यांना काका म्हणत. एकदा काकांनी बाईंना समजावले, की आता निवृत्तीला किती दिवस राहिले, श्रेणी वाढून असा काय फरक पडणार आहे? बाई पुस्तकांचे कोपरे सारखे करत होत्या. त्या म्हणाल्या, "श्रेणीचं जाऊ द्या हो, काका. मला एकदा माझ्यासारख्या लोकांत बसायचंय. मी इतकी वर्षं करतेय ते बरोबर की चूक, हे मला इथं कोण सांगणार?"

हे मी ऐकले होते. त्यांना उत्तर द्यावेसे मला वाटले. पण गाडीच्या वाटण्याला काय किंमत आहे?

त्या सुमारास माझ्यावर रोज एक जड पाहुणा येत असे. नद्यांच्या जुन्या मोजणीचे आठ खंड आमच्याकडे होते. धरणे होण्यापूर्वी नद्या कुठून कशा वाहत होत्या, त्याचे मोठमोठे नकाशे त्यांत होते. एक खंड उघडला की अर्धे टेबल भरे. ते घरी नेण्यास मनाई नव्हती, पण पाट्याएवढे वजनदार पुस्तक बसमधून नेणार कोण? ज्याला हवे तो इथेच बसून बघे.

संशोधन करणारी एक मुलगी ते खंड रोज बघायची. तिला आम्ही नदीवाली म्हणायचो. आम्ही म्हणजे काका आणि त्यांच्यामागून मी. तिच्या मामांचे शेत पूर्वी नदीच्या एका काठाला होते आणि आता दुसऱ्या काठाला आहे. शेत हलले नव्हते, नदी हलली होती. ती कधी हलली, कशी हलली, आणखी कितीजणांची शेते अशी अल्याडची पल्याड गेली, हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तो जुना प्रवाह फक्त या खंडांत होता. ती एकेक नकाशा पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायची. कागद फाटू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घ्यायची. संध्याकाळी खंड दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर ठेवायची, आणि बाई त्यावर ठिपका द्यायच्या. पाच खंड झाल्यावर तिने काही दिवस सुट्टी घेतली. नदीकाठी जाऊन प्रत्यक्ष मोजमाप करायचे होते. परत येऊन सहावा खंड धरणार होती. तिच्या मामांचे गाव सहाव्यात होते. जाताना तिने बाईंना ते दोनदा सांगितले.

आणि त्याच वर्षी बाईंचा अर्ज मंजूर झाला.

त्याचे श्रेय नव्या सरांना होते. नवे सर म्हणजे सहायक ग्रंथपाल. येऊन चार वर्षे झाली होती, पण नाव नवे सरच राहिले होते. काउंटर आणि संगणक त्यांच्याकडे, मांडण्या आणि मी बाईंकडे, अशी कामाची वाटणी आपोआप पडली होती. नवे सर प्राचार्यांकडे जाऊन म्हणाले, की मी सगळे बघतो, मॅडमना जाऊ द्या. माणूस चांगला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे ऐकल्यावर तुम्हाला तसे वाटणार नाही.

निघण्यापूर्वी बाईंनी त्यांना बारीकसारीक सगळे सांगितले. कोणत्या खिडकीची कडी लागत नाही, वाळवीवाल्याला कधी बोलवायचे, जुन्या प्रश्नपत्रिका कोणत्या कपाटात आहेत, कोणते प्राध्यापक पुस्तक परत करताना तारखेवरून वाद घालतात. ठिपक्यांचे सांगितले नाही. लपवायचे होते म्हणून नव्हे. आपण श्वास घेतो, हे कोणी कोणाला सांगत नाही, तसे ते राहून गेले.

बाई गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात प्राचार्यांचा निरोप आला. तपासणी पथक लवकर येत होते. त्याआधी मुलांसाठी काचेच्या खोल्यांची अभ्यासिका उभी करायची होती. त्यासाठी भिंतीकडची मांडण्यांची एक पूर्ण रांग मोकळी करून हवी होती. न वापरली जाणारी जुनी पुस्तके काढून टाका, असे निरोपात म्हटले होते. ग्रंथालयाच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. त्यात गैर काही नाही. फळ्या रबराच्या नसतात, नवी पुस्तके यायची तर काही जुनी जावीच लागतात. प्रश्न फक्त कोणती जावीत, हा असतो.

नव्या सरांनी ते काम मन लावून केले. दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके कोणती, असे त्यांनी संगणकाला विचारले आणि यादी काढली. मग ती तपासली. शब्दकोशांसारख्या पुस्तकांवर लाल पट्टी असते, ती कोणालाच घरी देत नाहीत. त्यांची नोंद शून्य दिसणारच, हे त्यांना माहीत होते. ती सगळी त्यांनी वाचवली. आठ खंडांवर लाल पट्टी नव्हती. ते नेण्यास मोकळे होते आणि कोणी नेले नव्हते. संगणकाने खरे तेच सांगितले होते.

रांग मोकळी करताना काकांना काय वाटले कोण जाणे. ते म्हणाले, "सर, बाईंना एकदा विचारू या का?"

सरांनी फोन काढला. बाईंचा नंबर लावला, दोनदा वाजू दिला आणि स्वतःच बंद केला. "नको," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी बाहेर पडल्यात त्या. इथली कटकट तिथं कशाला? बसू द्या त्यांना निवांत."

मित्रांनो, मी खूप आपटआपटी पाहिली आहे. रागाने भिरकावलेली पुस्तके माझ्यावर येऊन पडली आहेत. पण माझे जे नुकसान झाले ते या एका मायेच्या वाक्याने झाले.

पुस्तके माझ्यावर रचली जाऊ लागली. सर खिडकीशी उभे राहून एकेक घेत, शेवटचे पान उघडत आणि शिक्का मारत. तीच खिडकी, तेच पान. खंडांची पाळी आली. पहिल्याच खंडाच्या चिठ्ठीवर ठिपक्यांच्या ओळीवर ओळी होत्या, मुंग्यांची रांग जावी तशा. सरांनी त्या पाहिल्या. पान उजेडाकडे तिरके धरूनही पाहिल्या. मी मनात म्हणत होते, आता कळेल, आता विचारतील. ते काकांना म्हणाले, "पोरं बसल्या बसल्या काय काय उद्योग करतात बघा." आणि त्या ठिपक्यांवर शिक्का पडला. निर्लेखित.

तेव्हा मला बोलता यावे असे वाटले. निदान कुरकुरता यावे. माझे लहान चाक एरवी सबंध वाचनकक्षाची झोप उडवत असे, पण त्यासाठी कोणीतरी मला ढकलावे लागते. उभ्या गाडीला आवाज नसतो.

मग मला ढकलले, तेव्हा मी कुरकुरले. सर म्हणाले, "काका, हिला तेल घाला जरा."

मागच्या दाराशी रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. मी फेऱ्या मारल्या. रोज संध्याकाळी जी पुस्तके जपून जागेवर नेली, तीच मी दाराबाहेर नेली. तेच ओझे, तीच चाके. फक्त दिशा उलटी. सरांना माझी डावी ओढ माहीत नव्हती, त्यामुळे मी दर फेरीला चौकटीवर आदळत होते. शेवटच्या फेरीत उंबऱ्यावर माझे लहान चाक निखळले आणि मी कलंडले. वरची पुस्तके त्यांनी उचलून नेली. खालच्या फळीत एक खंड तिरका होऊन अडकला होता. तो ओढून निघेना. रद्दीवाल्याला घाई होती. एकाने काय होतंय, असे म्हणून तो निघून गेला.

मी तो मुद्दाम धरून ठेवला, असे मला सांगायला आवडले असते. तशा गोष्टी ऐकायलाही बऱ्या वाटतात. पण ते खरे नाही. चाकाला वर्षानुवर्षे तेल मिळाले नव्हते म्हणून ते निखळले, आणि फळी वाकडी झाली म्हणून खंड अडकला.

बाई पुढच्या सोमवारी आल्या. हातात प्रमाणपत्राची नळी होती आणि चेहरा असा खुललेला, की काकांनी आधी चहाच सांगितला. मी निखळलेल्या चाकासह जिन्याखाली पडून होते. तिथून मला बोलणे ऐकू येत होते. बाई सांगत होत्या, की सगळे आपल्यासारखेच आहेत, तिथेही छते गळतात, तिथेही मधमाश्या हिशेबात सापडतात. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या कामातली एक पद्धत मांडायची होती. बाईंनी ठिपक्यांची मांडली. त्यांना वाटले होते लोक हसतील. पण शिकवणारे गृहस्थ उठून उभे राहिले. घरी न जाणारे पुस्तकही वापरात असते, ते मोजायची इतकी साधी रीत आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत, असे ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कित्येकांनी लिहून घेतले.

"कधी झालं हे?" काकांनी विचारले.

"गुरुवारी. दुपारी."

गुरुवारी दुपारीच टेम्पो आला होता.

सरांनी मग अभ्यासिकेचे सांगितले. तसे त्यांना ते अभिमानानेच सांगायचे होते. बाई कप ठेवून उठल्या आणि भिंतीकडे गेल्या. मला फक्त त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. तो भिंतीपाशी थांबला.

"इथले खंड?"

"यादीत आले, मॅडम. दहा वर्षांत शून्य होते."

"शून्य वेळा घरी गेले," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांना जिन्याखाली आणले. बाई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. अडकलेला खंड एका हाताने वर आणि एका हाताने डावीकडे केला, तसा तो सहज निघाला. त्यांनी शेवटचे पान उघडून सरांसमोर धरले. सर ते बघत राहिले. पोरांनी केलेले उद्योग, असे पुन्हा म्हणायला त्यांचे तोंड उघडले होते, पण मध्येच मिटले.

"हे तुम्ही...?"

"मी. रोज."

"मला कोणी सांगितलं नाही, मॅडम." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

बाईंनी खंड मिटला. "नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "तिकडं खोलीभर लोकांना सांगून आले. शेजारच्या खुर्चीत बसतो त्याला नाही."

काकांना घेऊन दोघे तसेच रद्दीवाल्याकडे गेले. माल शुक्रवारीच कागदाच्या कारखान्यात गेला होता. बाईंनी तिथेही फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारले, पुस्तक म्हणजे किती किलो? काका सांगत होते, की बाईंनी फोन ठेवून दिला आणि रिक्षात जाऊन बसल्या.

काकांनी मला वाचनकक्षात आणून भिंतीला टेकवून उभे केले. दोन दिवसांनी नदीवाली आली. उन्हाने काळवंडली होती आणि मोजमापांनी भरलेली पिशवी खांद्यावर होती. सर म्हणाले, मी सांगतो तिला. बाईंनी त्यांना थांबवले आणि स्वतः सांगितले. मुलगी आधी हसली. तिला वाटले, खंड बांधणीला गेले आहेत आणि बाई उगाच इतके गंभीर होऊन सांगताहेत. मग तिला समजले. मागे राहिलेला खंड कोणता, ते तिने विचारले.

तो पाचवा होता. जो तिचा उतरवून झाला होता तो.

तिने तो माझ्या वरच्या फळीवर ठेवून शेवटचा नकाशा उघडला. नदी कागदाच्या वरच्या अंगाने येत होती, वळण घेत होती आणि उजव्या कडेला जाऊन संपत होती. कडेपाशी बारीक अक्षरांत छापले होते, पुढील भाग खंड सहा.

बाईंनी प्रशिक्षणातल्या सगळ्यांना विचारले. त्या एका प्रशिक्षणाचा तेवढा उपयोग झाला, की विचारायला माणसे मिळाली. सगळ्यांनी उत्तरे दिली आणि आपुलकीने दिली. काहींकडे ते खंड कधीच नव्हते. एकीने कळवले, की आमच्याकडे पूर्ण संच होता, मागच्या वर्षी काढला. कोणी घरी नेत नव्हते. त्याखालीच तिने लिहिले होते, तुमच्यामुळे आम्ही आता ठिपके सुरू केले आहेत.

प्रबंध पुरा झाला. नदीवाली त्याची एक प्रत घेऊन आली. नकाशात तिने सगळी नदी ठळक निळ्या रेषेने काढली होती. मामांच्या गावापाशी मात्र रेषा तुटक होत गेली होती. तिथे नुसते ठिपके होते. कोपऱ्यात लिहिले होते, ठिपक्यांनी दाखवलेला प्रवाह अंदाजाने, मूळ नोंद उपलब्ध नाही. तिला पदवी मिळाली, कौतुकही झाले. पण मामांना काय सांगितलेस, असे बाईंनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अंदाज सांगितला." प्रत तिने फळीवर ठेवली नाही. पाटी वाचल्यासारखे केले आणि ती माझ्यावर ठेवून गेली.

माझ्या मापाचे चाक कुठे मिळाले नाही. ते स्ट्रेचर बनणेच बंद झाले आहे. काकांनी वीट आणली, सरांनी तिला कागद गुंडाळला आणि मला वाचनकक्षाच्या दाराशी उभे केले. वरची श्रेणी मिळाल्याचे पत्र बाईंना आले, तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते महिने त्यांनी बोलण्यात घालवले. कोणत्या भिंतीतून ओल येते, कोणत्या पुस्तकातली पाने मुले फाडतात, कोणता विषय दर तीन वर्षांनी अचानक सगळ्यांना हवा असतो. जे आठवेल ते त्या सरांना सांगत सुटल्या. कधी कधी घसा बसायचा. मग सर म्हणायचे, "मॅडम, उद्या सांगा," आणि बाई मान हलवून पुढचे सांगायच्या.

आता त्या येत नाहीत. संध्याकाळी नवे सर खिडकीशी येतात. संगणकातही त्यांनी घरी न नेलेल्या पुस्तकांची नोंद करण्याची सोय केली आहे. तरी ती नोंद झाली की ते पेन्सिल घेतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर ठिपका देतात. काचेची अभ्यासिका छान झाली आहे. मुले तिथे बसतात. तिच्या जागी काय होते, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही, आणि तीन चाकांवर उभे राहून फार आव आणता येत नाही. एवढेच मागते. तुम्ही करता त्या कामातली एखादी गोष्ट फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर ती शेजारच्याला आजच सांगा. आणि एखादी वस्तू कोणाच्या उपयोगाची नाही असे वाटले, तर टाकण्यापूर्वी तिच्या माणसाला एकदा विचारा. तो कामात असला तरी फोन पुरता वाजू द्या. आम्हा वस्तूंना सगळे दिसते, पण आम्हाला काहीच सांगता येत नाही. तेवढे तुम्हालाच करावे लागेल.

पाचवा खंड अजून माझ्यावरच आहे. नव्या सरांनी त्याला फळीवर परत नेले नाही. मधूनच एखादा विद्यार्थी उभ्या उभ्या तो उघडतो आणि शेवटच्या नकाशापर्यंत येतो. नदी वळण घेते, कागदाच्या कडेशी येते आणि थांबते. विद्यार्थी पान उलटून बघतो. पलीकडे काही नसते. मग तो इकडेतिकडे पाहतो, पाटी वाचतो आणि खंड पुन्हा माझ्यावर ठेवतो.